कंच्या महिन्यातलं इचारताय?

कास पठार ओलांडून बामणोलीला उतरलो तेव्हा वासोट्याला जाणाऱ्यांनी लाँच भरून चालल्या होत्या. मला किल्ल्यावर जायचं नव्हतं. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयापलीकडच्या वाड्यांमधली मुलं शाळेत कशी जातात, ते बघायचं होतं. जानेवारी 2022 मध्ये खिरखंडीच्या मुलींची बातमी वाचली होती. स्वतः होडी वल्हवत कोयनेचं पाणी पार करायचं आणि पुढे जंगलातून चालत शाळा गाठायची. मुंबई उच्च न्यायालयाने त्या बातमीची स्वतःहून दखल घेतली होती. ती वाचल्यापासून इथे यायचं मनात होतं.

एक होडीवाले दादा तयार झाले. निघाल्यावर मी विचारलं, "तुमच्या वाडीपासून मोठी शाळा किती लांब?"

वल्हं थांबवून ते म्हणाले, "कंच्या महिन्यातलं इचारताय?"

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी हाताने काठ दाखवत समजावलं. पावसाळा सरता धरण भरलेलं असतं, तेव्हा होडी शेताच्या बांधापर्यंत जाते. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की होडी मधेच सोडायची, चिखल तुडवायचा आणि उघड्या पडलेल्या उतारावरून वर चढायचं. आणि जुलैच्या वाऱ्यात? "तवा कोण पोराला पाण्यात सोडंल?"

शिक्षण हक्क कायद्याखालच्या राज्याच्या 2011 च्या नियमांत अंतर ठरलेलं आहे: पहिली ते पाचवीसाठी शाळा एक किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवीसाठी तीन. सपाटीवरच्या गावाला हे माप बरोबर लागू पडतं. इथे नकाशावर समोरासमोर दिसणाऱ्या दोन वाड्यांच्या मधे आख्खं धरण आहे. केंद्राच्या आदर्श नियमांत याचा विचारही आहे. दरड, पूर, रस्त्यांचा अभाव अशा ठिकाणी ही मर्यादा कमी करावी आणि लहान वस्त्यांतल्या मुलांसाठी वाहनाची किंवा निवासाची सोय करावी, असं त्यात लिहिलंय. होडीत बसून ते आठवताना मला फार अस्वस्थ वाटलं.

पलीकडे उतरून अर्धा तास चढ चढलो. वाडीत बहुतेक घरांना कुलपं. एक आजी नाचणी पाखडत होत्या. त्यांचा एक मुलगा मुंबईत माथाडी, दुसरा नवी मुंबईला; नातवंडं तिकडेच शिकतात. "हितं ठिवून काय करू बाबा? चौथीफुडं पोरांनी जायाचं कुठं?"

इथल्या पटसंख्येची गोष्ट त्या एका प्रश्नात आली. धरणाने चांगली जमीन घेतली, मागे अभयारण्य आलं, पोटापाण्याला माणसं मुंबईला गेली, आणि पुढच्या शिक्षणाची सोय नाही म्हणून त्यांच्यामागे मुलंही गेली. वर्गात पाच-सात जण उरले. मग कागदावर ती शाळा 'कमी पटाची' ठरते. 2023 मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार राज्याने पुढे आणला, तेव्हा अशा शाळांची संख्या चौदा हजारांच्या वर निघाली होती. मोठ्या शाळेत प्रयोगशाळा, मैदान, विषयाला वेगळे शिक्षक मिळतात, हे मला मान्य आहे. पाच मुलांत कबड्डीचा संघही होत नाही. पण रस्ता असलेल्या तालुक्यात समूह शाळा म्हणजे बसचा प्रवास, आणि इथे सात वर्षांच्या मुलाने धरण ओलांडणं. दोघांना एकच नियम लावला तर अन्याय याच मुलांवर होतो. आधी बारमाही चालणारी लाँच द्या, लाइफ जॅकेट द्या, वसतिगृह द्या, मग शाळा हलवायचं बोला.

ज्या पाण्याने ही गावं तोडली, त्याच पाण्यावर कोयनेची वीज तयार होते आणि राज्यभर पोचते.

परतताना ऊन कललं होतं. समोरून एक होडी आली. वल्ह्यावर बाई, पुढे दोन मुली, दप्तरं खताच्या पिशवीत गुंडाळून मांडीवर घेतलेली. दादांनी हाक मारली, "आज लवकर गं?" त्यातली थोरली ओरडली, "वारं सुटलंय म्हणून गुरुजींनी आधीच सोडलं!"

दादांनी आभाळाकडे पाहिलं आणि वल्हं जोरात मारायला सुरुवात केली.