पलात्सो हे आधी एका टेकडीचं नाव

रोममध्ये आम्ही चार दिवस भाड्याने ज्या घरात राहिलो तिथल्या मालकीणबाईंचा मेसेज होता, पलात्सोचं मोठं दार ढकला आणि तिसऱ्या मजल्यावर या. पलात्सो म्हणजे महाल एवढंच मला माहीत (आपली प्लाझो पँट पण याच शब्दावरून बरं का), आणि समोर बघते तर साधी पाच मजली बिल्डिंग, बेलच्या बटणांपुढे दहा-बारा आडनावं, बाल्कनीत कपडे वाळत घातलेले. वर गेल्यावर विचारलंच. त्या म्हणाल्या, अहो, आम्ही कुठल्याही मोठ्या बिल्डिंगला पलात्सोच म्हणतो.

दुसऱ्या दिवशी कोलोसियम झाल्यावर त्याच तिकिटावर पॅलाटाइन टेकडी चढलो. बरेच जण ऊन बघून टेकडी सोडून देतात, प्लीज सोडू नका! हा शब्द इथेच जन्मलाय. टेकडीचं लॅटिन नाव पालातियुम. रोम्युलसने शहर वसवलं ते इथे अशी दंतकथा, आणि एका कोपऱ्यात लोहयुगातल्या झोपड्यांच्या खांबांचे खळगे खरंच दिसतात. पुढे पहिला सम्राट ऑगस्टस इथेच राहिला, मग टायबेरियस, आणि डोमिशियनने तर राबिरियस नावाच्या आर्किटेक्टकडून इथे अवाढव्य राजवाडाच बांधून घेतला, तो इ.स. 92 मध्ये पुरा झाला. सम्राट कुठे राहतो तर पालातियुमवर, असं म्हणता म्हणता टेकडीचं नाव राजवाड्यालाच चिकटलं. इंग्रजीतलं पॅलेस, फ्रेंच पॅले, स्पॅनिश पालासियो, सगळी याच टेकडीची लेकरं. त्या विटांच्या भिंतीला हात लावून मी कितीतरी वेळ उभी होते, खाली सर्कस मॅक्सिमस, म्हणजे रथांच्या शर्यतीचं लांबलचक मैदान, आणि नवरा पाण्याची बाटली घेऊन सावलीत.

फ्लॉरेन्सला हाच शब्द सावकारांच्या दारात आलेला दिसतो. मेडिची या सावकार घराण्याच्या पलात्सोचं काम मिकेलोत्सो नावाच्या आर्किटेक्टने 1444 मध्ये सुरू केलं, खालच्या मजल्याला ओबडधोबड दगड, वरती गुळगुळीत, आणि आत चौक. चौक बघितला आणि आपला वाडा आठवला, पेशव्यांचा तोही वाडाच आणि पाच-सहा बिऱ्हाडांचा तोही वाडाच.

व्हेनिसला मात्र उलटं. तिथे परंपरेने पलात्सो एकच, डोजेचा, म्हणजे तिथल्या राज्यप्रमुखाचा. बाकी श्रीमंतांचे ग्रँड कॅनालवरचे महालसुद्धा नुसते ‘का’, कासा म्हणजे घर, त्याचंच आखूड रूप. का फोस्कारी, का रेझोनिको... आणि का द’ओरो, सोन्याचं घर, ज्याच्या दर्शनी भागावर एकेकाळी खरंच सोन्याचा मुलामा होता. बोटीच्या थांब्यालाही तेच नाव आहे, तिथेच उतरलो.