ग्रीनिचच्या टेकडीवरची सहल

आमच्या लंडनच्या मंडळाचं वर्ष गणपतीत गजबजायचं, दिवाळीत नटायचं. पण माणसं खरी मोकळी व्हायची ती जुलैतल्या ग्रीनिच पार्कच्या सहलीत. हॉल रिकामा करायची घाई नाही, माइकची खरखर नाही.

उत्तरेकडची मंडळी आयलंड गार्डन्सला उतरून थेम्सखालच्या बोगद्यातून चालत यायची. पलीकडच्या गोद्यांतल्या कामगारांसाठी तो १९०२ साली बांधला. त्यात ‘गणपती बाप्पा मोरया’ घुमवल्याशिवाय एकही पोर बाहेर पडत नसे. आजी-आजोबांना मात्र ब्लॅकहीथच्या दरवाज्याने आणायचं, तिकडून चढ लागत नाही. उन्हाळ्यात घरोघरी कुणाचे ना कुणाचे आईवडील आलेले असत. सहल मुळात त्यांच्यासाठीच, असं मी आजही मानते.

जनरल वुल्फच्या पुतळ्यापाशी उभं राहिलं की खाली क्वीन्स हाउस, त्यामागे जुन्या नौदल महाविद्यालयाचे जोडघुमट, मग थेम्सचं मोठं वळण आणि पलीकडे कॅनरी वॉर्फचे मनोरे. पुतळ्याच्या चौथऱ्यावर महायुद्धातल्या बॉम्बफेकीचे व्रण आहेत. आज्या त्यावरून हात फिरवून बघायच्या.

सतरंज्या अंथरल्या, डबे उघडले, तरी जेवायला कुणी हात लावत नसे. सगळ्यांचे डोळे वेधशाळेच्या मनोऱ्यावरच्या लाल गोळ्याकडे. बाराला पाच कमी नव्हे, एकला पाच कमी असताना तो खांबावर अर्धा चढतो, दोन मिनिटं उरली की टोकाला जातो आणि ठीक एकला खाली येतो. १८३३ पासूनची ही रीत. माझगावच्या गोदीत आयुष्य काढलेले एक काका दरवर्षी नव्या मंडळींना समजावून सांगत: नदीतल्या जहाजांनी हा गोळा बघून घड्याळं लावायची, कारण समुद्रात रेखांश काढायचा तर वेळ अचूक हवी. एकच का? तर बाराला वेधशाळेतली माणसं सूर्याच्या वेधात गुंतलेली असत. काका इतकं जीव ओतून सांगत, की ऐकणाऱ्यालाही नदीत शिडं दिसावीत. गोळा पडला की ‘वदनी कवळ घेता’, आणि मग मसालेभात, कोथिंबीरवडी, कुणाच्या तरी सासूबाईंनी गावाहून आणलेली शेंगदाण्याची चटणी.

जेवणानंतर उतारावर लगोरी. चेंडू एकदा निसटला की थेट क्वीन्स हाउसच्या दिशेने, मागून पोरांची झुंड.

मूळ रेखावृत्ताची, म्हणजे शून्य रेखांशाची रेषा वेधशाळेच्या अंगणात बघायची तर तिकीट पडतं. पण तीच रेषा बाहेरच्या पायवाटेवरही आखलेली आहे. भूगोलाच्या पुस्तकातलं ग्रीनिच हेच, म्हणत साताऱ्याच्या एक निवृत्त शिक्षिका तिथे एक पाय पूर्वेला, एक पश्चिमेला ठेवून उभ्या राहिल्या. मग पोरांना भोवती बसवून त्यांनी तासच घेतला: आपली भारताची वेळ मिर्झापूरजवळच्या साडेब्याऐंशी अंशांवरून ठरते, एका अंशाला चार मिनिटं, करा हिशेब! साडेपाच तास हे उत्तर सर्वांत आधी ओरडलेली मुलगी आता मंडळाची सहल आखते, आणि काकांची गोळ्याची गोष्ट नव्या घरांना तीच सांगते.