आजारी बजी घरी सांभाळताना

आपल्याकडे ‘लव्हबर्ड’ म्हणून विकतात तो छोटा पोपट म्हणजे बजी. दिवसाढवळ्या पिसं फुगवून, दोन्ही पायांवर, डोळे मिटून बसला असेल तर तो पेंगत नाहीये, आजारी आहे. पक्षी आजार लपवतो, त्यामुळे दिसायला लागतो तेव्हा उशीरच झालेला असतो.

सगळ्यात जास्त फसवते ती दाण्याची वाटी. बजी राळे सोलून खातो आणि फोलपटं वाटीतच पडतात. वाटी भरलेली दिसते, पण फुंकर मारा, खाली दाणाच नसतो. कधी उलटंही होतं: आजारी पक्षी दाणे फोडत बसतो, गिळत मात्र नाही. म्हणून वाटीवर भरवसा नको. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या आणि रोज सकाळी, खाण्याआधी वजन लिहून ठेवा. साधा बजी ३० ते ४० ग्रॅमचा असतो. ३५ ग्रॅमचा ३१ वर आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आजारी पक्ष्याला साधारण ३० अंशांची ऊब लागते. डिसेंबरच्या रात्री पिंजऱ्याच्या एका कोपऱ्याबाहेर ४० वॅटचा जुना पिवळा बल्ब लावा (एलईडी तापत नाही), म्हणजे नको वाटलं तर त्याला दुसऱ्या टोकाला सरकता येईल. तीन बाजूंनी चादर टाका, चौथी मोकळी ठेवा, चादर बल्बला टेकू देऊ नका. वीज गेली तर कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवा. एप्रिल-मे मध्ये मात्र सोलापुरात खोलीच ३५ च्या वर असते. तेव्हा बल्ब लावणं म्हणजे पक्षी मारणं. चोच उघडी आणि पंख अंगापासून सुटे दिसले की त्याला उकडतंय. सावलीत हलवा, पायांवर साधं पाणी शिंपडा, बर्फाचं नको. कूलरचा झोत थेट अंगावर नको.

पकडायला टर्किश टॉवेल वापरू नका, त्याच्या फासांत नखं अडकतात. जुनं धोतर उत्तम. बसायची दांडी पिंजऱ्याच्या तळापासून दोन इंचांवर आणा, दाणापाणी शेजारीच ठेवा.

चोचीत पाणी ओतू नका. श्वासनळीचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं, पाणी सरळ फुप्फुसात जातं. मेडिकलमधली अँटिबायोटिक पाण्यात कालवणंही नको. बजी दिवसाला जेमतेम चमचाभर पाणी पितो, आजारात त्याहून कमी, मग औषध पोटात किती गेलं कोण सांगणार?

मादी तळाशी बसून कुंथत असेल तर अंडं अडकलेलं असू शकतं. पोट दाबू नका, अंडं आत फुटतं. ऊब द्या आणि ताबडतोब निघा. पिंजऱ्यात समुद्रफेस (माकुळाचं पांढरं, कॅल्शियमयुक्त हाड) कायम असावा, कॅल्शियम कमी पडलं की हे होतं.

तळाला पांढरा कागद घाला. शी गडद हिरवी आणि अगदी थोडी असेल तर पोट रिकामं आहे. पांढरा भाग पिवळा किंवा पोपटी झाला तर यकृताकडे बघावं लागतं. तो कागद ओलसर करून, तोंडाला मास्क लावूनच उचला, कारण काही जंतू माणसालाही लागतात. डॉक्टरकडे जाताना मात्र ताजा कागद तसाच घडी करून, पिशवीत घालून, वजनाच्या वहीसोबत न्या.