घाट उतरताना गाडी न्यूट्रल करू नका, प्लीज

गेल्या महिन्यात कोल्हापूरहून साखरप्याला येत होतो, गाडी भाचा चालवत होता, नवीनच शिकलाय पण हात चांगलाय. आंबा घाटाचा उतार लागला आणि पठ्ठ्याने सरळ गियर काढून गाडी न्यूट्रल केली. म्हटलं काय रे हे, तर म्हणे मामा पेट्रोल वाचतं ना. मी पुढे काही बोलायच्या आत वळणं सुरू झाली, गाडी पळायला लागली आणि याचा पाय जो ब्रेकवर बसला तो उठेचना. थोड्या वेळाने जळका वास आला आणि ब्रेक पेडल नेहमीपेक्षा खाली जायला लागलं. जागा बघून लगेच थांबवली. पुढच्या चाकाजवळ नुसता हात नेला तरी धग लागत होती. तो पाण्याची बाटली घेऊन ओतायलाच निघालेला, ब्रेकच्या तापलेल्या डिस्कवर (चाकामागची लोखंडी चकती) गार पाणी पडलं तर ती वाकडी होऊ शकते, म्हणून त्याला थांबवलं आणि अर्धा तास तसेच बसलो.

मग त्याला सेकंड टाकायला लावला आणि रेसवरचा पाय पूर्ण काढायला सांगितलं. इंजिनचा आवाज चढला तसा तो घाबरला, पण तो आवाज म्हणजेच इंजिन गाडीला मागे धरून ठेवतंय, ब्रेक फक्त वळणाआधी थोडा. ज्या गियरमध्ये घाट चढतो त्याच गियरमध्ये उतरायचा, जुने ड्रायव्हर हेच सांगतात. आणि पेट्रोलचं म्हणाल तर आताच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या गियरमध्ये उतारावर रेस सोडली की इंजिनचं पेट्रोल बंदच करतात, उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते लागतंच! इंजिन बंद करून उतरणं तर त्याहून वाईट, ब्रेक दगडासारखा घट्ट होतो आणि स्टीअरिंग जड.

चढावर पण त्याचं तेच, चौथ्यातच रेटत राहायचं. गाडी थरथरायला लागली, रेस देऊनही उचलेना की तेव्हाच खालचा गियर टाकायला हवा, आणि पुढे एसटी किंवा ट्रक असेल तर वळण यायच्या आधीच, वळणाच्या मध्ये क्लच दाबून गियर शोधत बसायची वेळ येऊ देऊ नये. चढावर थांबलात तर हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धवट सोडून रेस देत, गाडी धरून ठेवू नका, क्लच प्लेट जळते, सरळ हँडब्रेक लावा. सध्या रोज संध्याकाळी आमच्या घराकडच्या चढावर तो तेवढंच करतोय, थांबायचं, हँडब्रेक, फर्स्ट, आणि मागे न सरकता निघायचं.