स्लायडर सरकतात, मास्क मात्र ढिम्म

वेबकॅमच्या चित्रातून एक रंग वेगळा काढायचा होता. ओपनसीव्ही या चित्रांवर काम करणाऱ्या लायब्ररीत वेबकॅम उघडणं, फ्रेम (कॅमेऱ्याचं एकेक चित्र) एचएसव्हीत, म्हणजे ह्यू (रंगछटा), भडकपणा आणि उजळपणा यांत बदलणं, तिन्हींच्या किमान-कमाल आकड्यांसाठी सहा ट्रॅकबार, म्हणजे स्लायडर लावणं, एवढं तासाभरात उरकलं. पुढची सगळी डोकेफोड त्या ट्रॅकबारांपायी. चीड याची की यातल्या बहुतेक चुकांवर प्रोग्राम चकार शब्द काढत नाही.

आधी स्लायडर छान सरकायचा, पण मास्क (निवडलेला रंग पांढरा, बाकी काळं असं चित्र) जसाच्या तसा. स्लायडरचा आकडा वाचणाऱ्या गेटट्रॅकबारपॉझच्या सहा ओळी व्हाइल लूपच्या, म्हणजे दर फ्रेमला फिरणाऱ्या भागाच्या वर लिहिल्या होत्या. ते फंक्शन त्या क्षणाचा आकडा देऊन मोकळं होतं. ओळी लूपमध्ये, मास्क बनवणाऱ्या इनरेंजच्या आधी आणल्या आणि काम झालं.

मग खरा छळ सुरू झाला. स्लायडर मध्येच गोठायचे. कधी बराच वेळ सगळं सुरळीत, कधी सुरुवातीलाच खिडकी 'प्रतिसाद देत नाही'. कॅमेरा बदलून झाला, यूएसबी पोर्ट बदलून झालं. दोष निघाला दोन ओळींत: फ्रेम मिळाली नाही तर कंटिन्यू (उरलेलं सोडून पुढची फेरी), आणि कळ दाबली का ते बघणारी वेटकी लूपच्या अगदी तळाशी. कॅमेऱ्याने फ्रेम चुकवली की कंटिन्यू वरूनच परत फिरायचं आणि वेटकीपर्यंत गाडी पोचायचीच नाही. माऊसची ओढ, खिडकी पुन्हा रंगवणं ही कामं ओपनसीव्ही वेटकीतच उरकतं. ती चुकली की स्लायडर मेलाच. म्हणून कंटिन्यूच्या आधीही वेटकी(1) हवी. टाइम डॉट स्लीप तिथे चालत नाही, ते नुसतं थांबवतं, खिडकीकडे बघत नाही. वेटकी(0) लिहिलंत तर कळ दाबेपर्यंत चित्र जागचं हलणार नाही. आणि एका फेरीत दोनदा वेटकी बोलावून दोन वेगळ्या कळा तपासू नका: पहिलीने कळ गिळली की दुसरीला काही मिळत नाही. उत्तर एकदाच व्हेरिएबलमध्ये घ्या.

हो, एक राहिलंच. खिडकी उघडणारं नेम्डविंडो आधी, स्लायडर लावणारं क्रिएटट्रॅकबार नंतर, आणि दोन्हीकडे नावं अक्षरन् अक्षर सारखी. नावाच्या शेवटी चुकून पडलेली एक स्पेसही नडते. कॉलबॅकच्या (स्लायडर हलला की बोलावल्या जाणाऱ्या फंक्शनच्या) जागी None न देता काहीच न करणारं फंक्शन द्या.

मास्क पूर्ण काळा दिसतोय? कमाल स्लायडर सुरुवातीला 0 वर असतील. त्यांना 179, 255, 255 द्या. ह्यू 8 बिटांत 0 ते 179 एवढाच असतो, त्यामुळे 255 पर्यंतच्या स्लायडरचा उरलेला पट्टा फुकट. किमान कमालीच्या वर गेलं तरी काळंच.

लाल रंग किमान-कमालच्या एका जोडीत मावत नाही, तो ह्यूच्या दोन्ही टोकांना पसरलेला असतो. साधारण 0 ते 10 आणि 170 ते 179 असे दोन मास्क करून बिटवाइज ऑरने जोडा. लाल नि निळा अदलाबदल झालेले दिसले तर स्लायडरला दोष देऊ नका. फ्रेम बीजीआर (निळा, हिरवा, लाल या क्रमाने) येते आणि तुम्ही आरजीबी-टू-एचएसव्ही लिहिलेलं असतं.