गुलाबी ठिपके बघून मी केलेली आरडाओरड

तर झालं असं की मागे एकदा ग्लोबल फॉरेस्ट वॉच या, जगभरातली झाडं कुठे गेली ते दाखवणाऱ्या वेबसाइटच्या नकाशावर ओळखीच्या एका टेकडीवर झूम केलं आणि बघतो तर सगळीकडे गुलाबी ठिपके. गुलाबी म्हणजे झाडांचं आच्छादन गेलं. मग काय, लगेच स्क्रीनशॉट, लगेच ग्रुपवर, "जंगल साफ केलं बघा". दोन दिवसांनी तिथे काम केलेल्या एकाने शांतपणे सांगितलं, अरे ती लागवड होती, कापणीला आलेली, कापली आणि नवीन रोपं लावून पण झाली. काय बोलावं तेच सुचेना.

नकाशाची काही चूक नव्हती. लँडसॅट उपग्रहाच्या चित्रांवरून तो बनतो, एक चौकोन साधारण 30 बाय 30 मीटरचा, आणि 5 मीटरपेक्षा उंच जी काही हिरवळ ते झाड. आपोआप वाढलेलं जंगल आहे की ओळीत लावलेली झाडं, हे त्या ठिपक्याला कळत नाही. आणि "गेलं" म्हणजे तोडलं, जळलं, वादळात पडलं, काहीही. शिवाय 2011 पासून पुढच्या वर्षांसाठी पद्धत सुधारलीये, त्यामुळे आधीचे आकडे आणि नंतरचे आकडे जपून ताडून बघा असं ती साइट स्वतःच लिहिते. मी वाचलं होतं का? अजिबात नाही.

गंमत म्हणजे एफएओच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेच्या हिशोबाने ती टेकडी कापल्यावरही जंगलच. त्यांची व्याख्या अशी की 0.5 हेक्टरपेक्षा जास्त जमीन, 5 मीटरपेक्षा उंच किंवा पुढे तेवढी होतील अशी झाडं, 10 टक्क्यांहून जास्त आच्छादन, आणि कापून परत झाडं येणार असतील तर ती जमीन जंगलातच मोजतात. रबराची लागवड जंगल, पाम तेलाची नाही! म्हणजे दोन साइट्स एकमेकींच्या उलट बोलतात आणि दोघी खऱ्या.

झाडांच्या निगेबद्दलच्या सल्ल्यांचं तर विचारूच नका. फांदी कापली की जखमेला रंग किंवा डांबर लावा, हे अजून पानोपानी सापडतं. अमेरिकेच्या वनखात्यात काम केलेल्या अ‍ॅलेक्स शायगोंनी हजारो झाडं उभी चिरून दाखवलं की झाड जखम भरत नाही, ते सडका भाग आतून भिंत घातल्यासारखा वेगळा पाडतं, आणि रंगाने सड काही थांबत नाही. मी हे वाचल्यापासून रंग लावणाऱ्या प्रत्येकाला ज्ञान पाजळत सुटलो. मग कळलं की अमेरिकेत जिथे ओक विल्ट नावाचा बुरशीचा रोग आहे तिथे ओकच्या ताज्या जखमेला लगेच रंग लावा असंच सांगतात, कारण जखमेतल्या रसावर येणारे भुंगेरे ती बुरशी घेऊन येतात. म्हणजे कुठलं झाड, कुठे आणि कुठल्या रोगासाठी, हे नसेल तर सल्ला बरोबर असूनही फुकट. आता मी पान उघडलं की आधी लिहिणारा कुठला आहे ते बघतो, तारीख नंतर.

"एक झाड वर्षाला इतका कार्बन शोषतं" वाल्या कॅल्क्युलेटरवर माझा विश्वास नाही. कुठल्या जातीचं, किती वयाचं, काहीच न विचारता आकडा देतात राव.

आणि आपण टाकतो ती माहिती? कॅलिफोर्नियातल्या एका राष्ट्रीय उद्यानातलं हायपेरियन नावाचं झाड, जवळपास 116 मीटर उंच, रेडवूड जातीचं, 2006 साली सापडलं. जागा गुप्त ठेवली होती, पण ती नेटवर फुटली, लोक झाडीतून वाट काढत जायला लागले, बुंध्याभोवतीची नेची तुडवून संपवली, आणि 2022 मध्ये पार्कने तिथे जाणंच बंद केलं, पकडलं तर 5,000 डॉलरपर्यंत दंड नाहीतर सहा महिन्यांपर्यंत जेल. तेव्हापासून जुन्या मोठ्या झाडाचा फोटो टाकताना मी लोकेशन बंद ठेवतो. एक मित्र चिडला, म्हणाला एवढं काय सोनं आहे. त्याला म्हटलं, येतोस का रविवारी, दाखवतो, पण फोन गाडीत ठेवायचा.