ती गोळी ड्रॉवरमध्येच होती

निपाणीत माझं मेडिकल आहे. विड्या वळणाऱ्या बायका बीपीची गोळी न्यायला येतात आणि अजूनही हटकून विचारतात, "दादा, कोरोनावर औषध शेवटपर्यंत सापडलंच न्हाई न्हवं?"

त्यांना सांगतो तेच इथे सांगतो. सापडलं, आणि ते माझ्या ड्रॉवरमध्ये कधीपासूनच होतं. डेक्सामेथासोन. दम्याला, सुजेला, अंगावर पित्त उठल्यावर देतात ते जुनं, स्वस्त स्टेरॉइड. शोधायचं होतं ते हे, की ते कुणाला द्यायचं आणि कधी.

मार्च 2020 मध्ये ब्रिटनमध्ये 'रिकव्हरी' नावाची चाचणी सुरू झाली. दाखल झालेला पेशंट तयार असला, की त्याला कोणतं औषध मिळणार हे कॉम्प्युटरच्या सोडतीवर ठरायचं, डॉक्टरच्या मनावर नाही. 2,104 जणांना डेक्सा मिळालं, रोज 6 मिलिग्रॅम. 4,321 जणांना नुसते नेहमीचे उपचार. मग 28 दिवसांत किती दगावले ते मोजलं. व्हेंटिलेटरवरच्यांत शंभरात 41 जायचे, ते 29 वर आले. ऑक्सिजनवरच्यांत 26 चे 23 झाले. ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता, त्यांना मात्र काही फायदा नाही. उलट 14 च्या जागी 18 गेले. हा शेवटचा फरक योगायोगाचाही असू शकतो, पण मी अजून त्याच आकड्यापाशी अडतो.

कारण पहिल्या आठवड्यात विषाणू वाढत असतो आणि त्याच्याशी शरीराची प्रतिकारशक्ती लढत असते. स्टेरॉइड तीच दाबतं. पुढे काहींच्या बाबतीत हीच प्रतिकारशक्ती बेफाम होऊन स्वतःची फुप्फुसं सुजवते, तेव्हा दाबणारं औषध जीव वाचवतं. विषाणूवरच्या औषधांचं नेमकं उलटं: ती लवकर द्यावी लागतात. 2021 च्या शेवटी अमेरिकेत आपत्कालीन वापराची मंजुरी मिळालेलं पॅक्सलोव्हिड लक्षणं दिसल्यापासून पाच दिवसांत सुरू करायचं असतं.

आपल्याकडे एप्रिल 2021 मध्ये लोक रेमडेसिव्हिर या विषाणूवरच्या इंजेक्शनमागे धावत होते. राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर आरटीपीसीआरचा रिपोर्ट दाखवत कोल्हापूरहून माणसं यायची, इकडून तिकडे जायची, हातात तीच चिठ्ठी. त्या औषधाने मृत्यू कमी होतात असा तेव्हा पुरावा नव्हता, म्हणून ते वापरू नये असं जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर 2020 मध्येच सुचवलं होतं. पण घरात माणूस धापा टाकत असताना हे कुणाला ऐकवणार?

त्याच महिन्यात एक पोरगा आला. आईला दोन दिवस ताप, ऑक्सिजन 97, शुगर आधीपासूनची. मोबाइलवरचा मेसेज दाखवून डेक्सा मागत होता. "चिठ्ठीशिवाय मिळणार नाही," म्हणालो. तो चिडून गेला, आणि गोळ्या दुसरीकडून घेतल्या.

जूनमध्ये तो परत आला. या खेपेला चिठ्ठी होती, बुरशीवरच्या पोसाकोनाझोलची. आईच्या डाव्या डोळ्याखाली काळी बुरशी झाली होती. शुगर वाढलेली आणि वर स्टेरॉइड, असं झालं की ही बुरशी फोफावते. तिच्या बाबतीत नेमकं कशाने झालं, हे मी कसं सांगू? माझ्याकडे ते औषध नव्हतं. "कोल्हापुरात बघतो," म्हणत त्याने गाडीला किक मारली.

त्या दिवशी मी नाही म्हणालो ते बरोबरच होतं, पण का नाही, ते सांगितलं नव्हतं. दारात वीस माणसं उभी होती. आता कुणी विचारलं की स्टूल पुढे सरकवतो, बसवतो आणि सगळं सांगतो.